मचाकोसच्या बायकांनी घातलेल्या ताली : तीन हंगामांनंतर सांगते

केनियात शेती करणाऱ्या आपल्या तीन-चार मराठी कुटुंबांनी गेल्या महिन्याभरात मला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या शेतात ताली कुणी घातल्या?" ताली म्हणजे उतारावर पाणी-माती अडवायला घातलेले आडवे बांध. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. मचाकोसजवळ इवेती टेकड्यांच्या उतारावर राहणाऱ्या बायकांच्या एका गटाने हे काम आम्हाला जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये करून दिलं. त्यानंतर एक धो धो पावसाचा, एक कोरडा आणि एक बेताचा असे तीन हंगाम त्या तालींवरून गेले. काम झाल्या झाल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. आता चांगलं-वाईट दोन्ही सांगता येईल.

आधी जमीन कशी आहे ते सांगते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. आमची जागा दोन एकर. नवरा इथलाच नागरिक, त्यामुळे जमीन त्याच्या नावावर. नैरोबीहून मचाकोस साठ-पासष्ट किलोमीटर. गावाची उंची साधारण १,६०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही जास्त. पण महाबळेश्वराचा पाऊस डोळ्यासमोर आणू नका. मचाकोसजवळच्या कटुमानीला सरकारी कृषी संशोधन केंद्र आहे, तिथला वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. तोही दोन हप्त्यांत येतो. मार्च ते मे हा 'लांब पाऊस' आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा 'छोटा पाऊस'. नावांवर जाऊ नका, कांबा लोकांच्या या मुलखात भरवशाचा पाऊस छोटाच. म्हणजे एका पिकाच्या वाट्याला वर्षाच्या पावसातला निम्माच येतो, आणि त्यातलाही बराचसा चार-पाच जोरदार सरींत कोसळून जातो.

त्या सरी येतात तेव्हा जमीन उघडी असते. आधीचे महिने कोरडे गेलेले, गुरांनी काडी न् काडी चरून नेलेली. आमची माती तांबडी, वाळूमिश्रित चिकण. टपोऱ्या थेंबांचा मारा बसला की तिच्यावर पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी आत शिरायला तयार होत नाही. ते वरूनच धावतं आणि जाताना चांगली माती घेऊन जातं. इथून निघालेलं पाणी अथी नदीला मिळतं. अथीची पुढे गलाना होते, गलानाची सबाकी, आणि मलिंदीच्या उत्तरेला ती समुद्रात जाते. पावसाळ्यात आम्ही मलिंदीला गेलो होतो तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, तांबूस दिसत होतं. लेकीने विचारलं, समुद्र असा का? मी म्हटलं, यात आपलंही शेत आहे बाळा. ते बोलताना घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं.

तरीही आमची पहिली चूक व्हायची ती झालीच. सप्टेंबर २०२३ मध्ये आम्ही यंत्राने चर काढून घेतले. कोण, कुठला, ते महत्त्वाचं नाही. एका दिवसात काम उरकलं आणि दिसायला फार देखणं होतं. कुंपणाला समांतर, सुतासारखे सरळ चर. चूक त्या सरळपणातच होती. डोंगराचा उतार कुंपणाला विचारून चालत नाही. आमचं शेत खालच्या अंगाला डावीकडे झुकतं, त्यामुळे प्रत्येक चराचं डावं टोक उजव्यापेक्षा चांगलं हातभर खाली गेलं होतं. चालकाने नजरेने काम केलं, आणि आम्हीही लेव्हल लावायला सांगितलं नाही.

त्या वर्षी एल निनो होता, आणि इथे तो जास्तीचा पाऊस आणतो. नोव्हेंबरमध्ये आभाळ फाटलं. पाणी चरातून डाव्या कोपऱ्यात धावलं, तिथे पहिला बांध फुटला, त्याचं पाणी दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. सकाळी जाऊन बघते तर वरपासून खालपर्यंत गुडघाभर खोल घळ पडलेली, मका मुळासकट गेलेला, आणि शेजारच्या म्झेंच्या चवळीवर आमच्या शेतातल्या मातीचा जाड थर बसलेला. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला म्झे म्हणतात. चूक आमची होती, म्हणून मी आणि नवरा दोघेही त्यांच्याकडे गेलो, नुकसान भरून देतो म्हणालो. त्यांनी पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्या बायकांना बोलवा. त्यांना पाणी कळतं."

त्या बायका म्हणजे चौदा जणींचा गट. कांबा लोकांत एकमेकांच्या शेतात मिळून काम करायची जुनी रीत आहे, तिला म्वेथ्या म्हणतात. आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या. हे ऐकलं आणि मला माझं आंबेगाव आठवलं. आमच्याकडे डोंगरातले लोक मिळून पडकई करतात, उतारावर दगडाची ताल रचून भातखाचर काढायचं, एकेकाच्या रानात सगळ्यांनी राबायचं. माझे आजोबा पडकईला जायचे. इथली मातीची ताल आणि तिथली दगडाची ताल यांत फरक आहे, पण काम एकच. या बायका स्वतःच्या गटातली कामं झाली की मधल्या दिवसांत बाहेरच्यांची घेतात आणि ते पैसे त्यांच्या चामात टाकतात. चामा म्हणजे आपली भिशी.

पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा कुणाच्याही हातात कुदळ नव्हती. त्यांच्या म्होरक्या साठीच्या आहेत. मी त्यांना मनातल्या मनात दोरीवाल्या मावशी म्हणते, प्रत्यक्षात 'म्वाइतू' म्हणते, म्हणजे आई. त्या थेट घळीत उतरल्या आणि घळीतूनच वर चालत गेल्या, अगदी आमची हद्द ओलांडून मुरमाच्या रस्त्यापर्यंत. तिथे उभं राहून त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. रस्त्याचं सगळं पाणी एका ठिकाणी कलंडून आमच्या माथ्यावर येत होतं. आम्ही दीड वर्ष त्या रस्त्याने गाडीने जात-येत होतो, आमच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यामुळे पहिलं काम ठरलं माथ्यावरच्या वळण चराचं. हा चर किंचित उताराचा, रस्त्याचं पाणी पकडून बाजूला नेणारा. त्याच्या तोंडाशी केळी आणि पपईसाठी मोठे खड्डे. या बायकांकडून काम करून घेणार असाल तर हा चर गाळू नका, पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा. वरून परकं पाणी येत असेल तर खाली कितीही चांगली ताल घाला, ती फुटणारच.

दुसऱ्या दिवशी मोजणी. हे मी अगदी जवळून पाहिलं, सकाळभर त्यांच्या मागे मागे फिरले. दोन सारख्या उंचीच्या काठ्या, दोन्हींवर एकाच उंचीला खाच. मध्ये दहा मीटर नायलॉनची दोरी, आणि दोरीच्या बरोबर मध्यावर लाल धागा बांधलेला. त्या धाग्यापाशी बोटभर लांबीची, गवंडी वापरतात तशी पाणलेव्हल दोन आकड्यांनी टांगायची. तीन बायका लागतात, दोघी काठ्यांशी, एक बुडबुड्याशी. दोरी ताणली तरी थोडी झोळ खातेच. लेव्हल मध्यावर असेल तर दोन्हीकडचा झोळ सारखा पडतो, चार बोटं इकडे-तिकडे झाली तर बुडबुडा खोटं बोलतो. म्हणून तो लाल धागा. आणखी एक गोष्ट बघितली. मावशींनी सुरुवातीला लेव्हल दोरीवर लावून वाचली, मग काढून उलटी टांगली, डावी बाजू उजवीकडे. बुडबुडा दोन्ही वेळा मध्येच आला. तसा आला नाही तर ती लेव्हल फेकून द्यायची, असं त्या म्हणाल्या. नोव्हेंबरच्या आधी एवढी एक गोष्ट मला ठाऊक असती तर!

त्यांनी आमचा उतार काढला दहा मीटरला १.२ मीटर, म्हणजे १२ टक्के. मग पिशवीतून एक मळकी वही निघाली, त्यात कोष्टक. केनियात तालींमधलं अंतर काढायचा एक ठरलेला हिशोब आहे : उताराच्या टक्क्यांना ४ ने भागायचं, त्यात २ मिळवायचे, आणि आलेल्या आकड्याला ०.३ ने गुणायचं. जे येईल तेवढे मीटर एक ताल दुसरीपेक्षा खाली. आमचं आलं १.५ मीटर. १२ टक्के उतारावर दीड मीटर उतरायला आडवं साडेबारा मीटर चालावं लागतं, म्हणून दर साडेबारा मीटरला एक ताल. दोन एकरांत सगळ्या मिळून सुमारे साडेसहाशे मीटर लांबी भरली. खुंट्या ठोकल्यावर मी लांबून पाहिलं तेव्हा यंत्राच्या सरळ चरांना छेदत जाणाऱ्या त्या वाकड्यातिकड्या ओळी दिसल्या. घळीपाशी ओळ चक्क वर वळत होती. मनात म्हटलं, डोंगर खरा असा आहे तर.

या तालींच्या पद्धतीला इथे फान्या जू म्हणतात, म्हणजे स्वाहिलीत 'वर कर'. चर खणायचा आणि निघालेली माती उताराच्या वरच्या अंगाला फेकायची, म्हणजे ताल चराच्या वर उभी राहते. आपल्याकडच्या सलग समतल चरात माती खालच्या बाजूला टाकतात, ती सवय डोक्यात असल्यामुळे मला आधी हे उलटंच वाटलं. माती वर फेकणं कष्टाचंही आहे, खाली ढकलणं सोपं. पण यातला डाव असा की तालीच्या वरच्या अंगाला दर पावसात वाहत येणारी माती साठते, पट्टा हळूहळू सपाट होत जातो आणि काही वर्षांत उतारावर पायऱ्या तयार होतात. नांगर, कुदळ आणि पाऊस मिळून शेत समतल करतात. एकदम जेसीबी लावून पायऱ्या पाडल्या तर पोटातली मुरमाड माती वर येते, इथे ते निदान सगळीकडे होत नाही.

चर ६० सेंटिमीटर रुंद, ६० खोल. चर आणि ताल यांच्यामध्ये वीतभराहून थोडी जास्त जागा मोकळी, म्हणजे तालीची माती घसरून परत चरात पडू नये. वरची काळपट माती त्यांनी आधी वेगळी काढून ठेवली आणि शेवटी पट्ट्यावर पसरली. हे सगळे करत नाहीत, तुम्ही ठरवताना आवर्जून बोलून घ्या. चरात दर आठ-दहा मीटरला मातीचा आडवा बंध ठेवला, त्यामुळे चराचे कप्पे झाले. एक कप्पा फुटला तरी बाकीच्यांचं पाणी जागेवर राहतं. टोकं बंद. पाणी बाहेर काढून द्यायचं नाहीच, सगळं जिरवायचं.

या मुलखात तालींचा एक कडू इतिहासही आहे. १९३७ साली कॉलिन माहेर नावाच्या मृदसंधारण अधिकाऱ्याने मचाकोसच्या दशेबद्दल लिहून ठेवलं, की हा प्रदेश दगड-वाळूचं वाळवंट होत चालला आहे. ब्रिटिश सरकारने उपाय काढला तो गुरं कमी करण्याचा. १९३८ मध्ये गुरं जप्त करायला सुरुवात झाली तेव्हा हजारो कांबा लोक नैरोबीला चालत गेले, त्यांचे पुढारी मुइंदी म्बिंगू. सरकारला माघार घ्यावी लागली. नैरोबीच्या सिटी मार्केटात भाजी घ्यायला आपण ज्या रस्त्याने जातो तो मुइंदी म्बिंगू स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. सक्तीने करून घेतलेली बांधबंदिस्ती लोकांना नकोशी होती. पुढे देश स्वतंत्र झाला, आणि नंतरच्या वर्षांत हेच काम लोकांनी गटागटाने स्वतःसाठी केलं, १९७४ पासून स्वीडनच्या मदतीने सरकारी कार्यक्रमही आला. १९३२ मध्ये मचाकोस जिल्ह्यात २ लाख ४० हजार माणसं होती, १९८९ मध्ये १४ लाखांच्या घरात. माणसं वाढली की जमीन मरते असं आपण सहज म्हणून जातो. इथे माणसं जवळजवळ सहापट झाली आणि टेकड्या पायऱ्यांनी भरल्या. मावशींची आई सक्तीच्या कामावर गेलेली, मावशी स्वतःच्या गटाबरोबर जातात. त्या हे सांगत होत्या तेव्हा हातातली कुदळ थांबली नव्हती.

काम बारा सकाळी चाललं, सातला सुरू, बाराला बंद. फक्त कठीण थर लागला तिथे दोन तरुण मुलगे आले होते. मावशींचा आग्रह होता जानेवारीचा. छोटा पाऊस नुकताच संपलेला असतो, जमिनीत ओल असते. आमची माती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विटेसारखी होते, तेव्हा हाताने खणणं म्हणजे माणसाचे हाल आहेत.

मार्चचा पाऊस सुरू झाल्यावर गवत लावलं. तालीच्या माथ्यावर मकारिकारी नावाचं गवत, दोन ओळींत, एका ओळीतलं बेट दुसरीतल्या फटीसमोर येईल असं. ते बुटकं, घट्ट बेट धरतं, दुष्काळ सोसतं. नेपियर फक्त वळण चराजवळ. मी सगळीकडे नेपियर लावा म्हणाले होते, शेजारच्यांच्या गाईंना चारा होईल म्हणून. मावशी नको म्हणाल्या, पण माझ्या हट्टाखातर त्यांनी सगळ्यात खालच्या तालीवर लावून दिलं. त्याबद्दल पुढे सांगते.

एप्रिल २०२४ मध्ये केनियात काय पाऊस झाला ते इथल्यांना सांगायला नको. महिन्याच्या शेवटी माइ माहिउला लोंढ्याने घरं नेली, नैरोबीत मथारेच्या वस्तीत पाणी शिरलं. शनिवारी रात्रभर पाऊस ऐकत आम्ही दोघं जागे होतो. रस्ता सुरू झाल्यावर शेतावर पोचलो. मी गाडीतून उतरले आणि पहिल्या तालीपाशी उभी राहिले. चराचा प्रत्येक कप्पा काठोकाठ तांबड्या पाण्याने भरलेला, एकामागे एक, जणू डोंगरावर कुणी चहाच्या बशा मांडून ठेवल्यात. पाणी हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक कप्पे रिकामे झाले आणि तळाला राहिली चिकण गाळाची साय, ती उन्हाने वाळून कडा वर करून पापडासारखी तडकली होती. मी एक तुकडा उचलला. जाडी नखभर. गेल्या वर्षी हीच माती म्झेंच्या चवळीवर गेली होती.

एका ठिकाणी चूक झाली. जुनी घळ बुजवली होती तिथली भर पावसाने खाली बसली, ताल तेवढ्यापुरती वीतभर ठेंगणी झाली आणि तिच्यावरून पाणी गेलं. मी फोन करायच्या आत तिसऱ्या दिवशी पाच जणी हजर. पोत्यांत माती-दगड भरून ती जागा उचलली, दोन्ही बाजूंना चांगली हातभर जास्त. पहिल्या हंगामात दोनदा येऊन दुरुस्ती करायची हे बोलीतच होतं, आणि ते त्यांनी पाळलं. यंत्रवाल्याला मी नोव्हेंबरमध्ये सहा वेळा फोन केला होता.

त्या वर्षाअखेरचा पाऊस मात्र रुसला. या हंगामाने मला जे शिकवलं ते एप्रिलने शिकवलं नव्हतं. आम्ही कटुमानी मका लावला होता, लवकर येणारा, याच भागासाठी काढलेला वाण, आणि त्यात आंतरपीक तूर. डिसेंबरमध्ये पट्ट्याच्या वरच्या भागातल्या मक्याची पानं दुपारी सुरळी होऊन उभी राहायची. तालीला लागून असलेल्या चार-पाच ओळी मात्र शेवटपर्यंत हिरव्या. तिथे मी खुरप्याने उकरून पाहिलं, वीतभर खाली माती मुठीत दाबली की गोळा होत होता. वरच्या भागात त्याच खोलीवर नुसती भुकटी. दोन एकरांत नव्वद किलोची चार पोती मका झाला, आणि तो जवळजवळ सगळा त्या ओळींचा. आधीच्या हंगामात नऊ पोती झाली होती. चार पोती म्हणजे काही फार नाही, पण ताल नसलेल्या वरच्या शेतात त्या हंगामात कणसं भरलीच नाहीत. तुरीचं तर काय सांगू. तिची मुळं खोल जातात, तिने ती ओल शोधून काढली. ओल्या दाण्यांची आमटी आम्ही महिनाभर खाल्ली, मावशींकडेही पाठवली. त्या तूर मक्याबरोबर शिजवतात, आमचं वाटण त्यांना तिखट लागलं, पण भांडं रिकामं परत आलं.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत.

सगळ्यात मोठी तक्रार पट्ट्याच्या वरच्या भागाची. चराच्या लगेच खालची जागा पहिली दोन-तीन वर्षं दुबळी राहते, कारण तिथली माती हळूहळू खालच्या तालीकडे सरकते आणि पोटातली फिकट माती उघडी पडते. आमच्या मक्याला तिथे पिवळेपणा आला, वाढ खुंटली. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही. विचारल्यावर मावशी म्हणाल्या, तिथेच शेणखत टाकायचं असतं, सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे, आम्हाला नव्हतं. दुसऱ्या वर्षी गोठ्यातलं खत सगळ्या शेतात न पसरता त्या वरच्या तीन मीटरात घातलं, मग फरक पडला. खताचा खर्च आधीच हिशोबात धरा.

दुसरी जागेची. चर, मधली मोकळी जागा आणि ताल मिळून दोन मीटर रुंदी जाते, साडेबारातले दोन म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. गवत आणि चरातली केळी यांतून थोडं परत मिळतं, पण पहिल्या वर्षी ते डोळ्यांना खुपतं.

तिसरी माझ्याच हट्टाची. नेपियर बघता बघता डोक्याएवढं झालं आणि शेजारचा दीड मीटर पट्टा त्याने कोरडा केला. कोरड्या हंगामात बाकीच्या तालींवरच्या ओळी हिरव्या होत्या, या एका तालीवरच्या सुकल्या. पुढच्या वर्षी ते काढून मकारिकारी लावलं. चाऱ्यासाठी नेपियर हवंच असेल तर शेताच्या कडेला लावा.

वेळेचं म्हणाल तर गावात मयत झाली की काम दोन दिवस बंद, रविवार चर्चचा, हे धरून चला. आमचं काम आठवड्याने लांबलं, मला त्यात गैर काही वाटलं नाही, पण नैरोबीहून सुट्टी काढून येणाऱ्याने आधी विचारून घ्यावं. ट्रॅक्टर आत फिरवायचा असेल तर एका टोकाला वाट सोडायला सांगा, आम्ही विसरलो आणि नंतर एक कप्पा बुजवावा लागला.

पैशांचं : तेव्हा मीटरला दीडशे शिलिंग, वळण चराचे वेगळे, गवताचे ठोंब त्यांच्याकडूनच. पैसे निम्मे आधी, निम्मे शेवटी, एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून, गटाच्या खात्यात. यंत्राला आम्ही दिले होते त्याहून हे जास्त झाले. यंत्राचे पैसे वाहून गेले, हे राहिले.

लिमुरू, मुरंगा, किरिन्यागा भागात जमीन असलेल्यांनी मात्र हे वाचून लगेच या बायकांना बोलवू नका. तुमच्याकडे पाऊस दुप्पट आणि माती खोल, लाल, ज्वालामुखीच्या खडकाची. तिथे बंद टोकांचा समतल चर भरून तुंबेल, उतार घसरायची भीती आहे. तिथे चराला हलका उतार देऊन पाणी गवताच्या वाटेने बाहेर काढावं लागतं, ते करणारी माणसं वेगळी, ती तुमच्याच भागात शोधा. आणि अथी रिव्हर-किटेंगेलाच्या सपाटीवर काळी माती आहे, ती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिथे मातीच्या ताली टिकत नाहीत, आपल्या मराठवाड्यातल्या लोकांना हे सांगायला नको. आमच्यासारखी तांबडी, मध्यम खोलीची माती, पाच ते वीस टक्के उतार आणि बेताचा पाऊस असेल तरच हे काम घ्या.

गटाचं नाव आणि नंबर इथे टाकत नाही, त्यांनी तसं सांगितलं आहे. इवेतीच्या बाजूला कुणाचीही नीट ठेवलेली ताल दिसली की त्या घरात विचारा, कुणी घातली. मचाकोसच्या आसपास असे गट पुष्कळ आहेत. पहिल्या भेटीत ते पाणी कुठून येतं ते बघायला चालत वर जातात का, आणि लेव्हल उलटी करून तपासतात का, एवढं दोन्ही बघा. नाही केलं तर चहा पाजून परत पाठवा.

आमच्याकडे त्या येत्या जानेवारीत पुन्हा येणार आहेत. चरात साठलेला गाळ उपसून तालीवर चढवायचा आहे, म्हणजे ताल आणखी वीतभर उंच होईल. या वेळी दोरीची एक काठी मी धरणार आहे, मावशींनी कबूल केलं आहे.